दोन भारे तणस

मुर्री, ता. गोंदिया
१७ फेब्रुवारी २०१३

प्रिय संजू,

तुझ्या मामांना मी तीन वेळा फोन केला. दोन वेळा माझं नाव ऐकताच त्यांनी फोन ठेवला. तिसऱ्या वेळी "लडका खेत में गया है" म्हणाले, पण मागे तुझा खोकला ऐकू आला. म्हणून पत्र लिहीत आहे. लांजीचा पिनकोड पोस्टात विचारून घेतला आहे, म्हणजे पत्र चुकणार नाही.

हिमांशुची तब्येत ठीक आहे. उजव्या नडगीत सळई टाकली आहे. प्लास्टर निघायला अजून महिना लागेल. मी दर रविवारी सायकलने त्याच्याकडे जातो. त्याची आई चहा देते. त्याचे वडील, दुलीचंदभाऊ, माझ्याशी नीट वागतात. हिमांशुला पोलीस भरतीला पाठवायचं त्यांनी ठरवलं होतं, त्याबद्दल आता बोलत नाहीत. तुझ्याबद्दल मात्र बोलतात. ते मी इथे लिहीत नाही.

तू मनाला लावून घेऊ नकोस. सव्वीस जानेवारीला जे झालं ते झालं. आठ फुटांची भिंत, समोर अख्खं गाव, पाहुणे, लाऊडस्पीकर. नववीतल्या मुलाचा हात अशा वेळी सुटू शकतो. मोठ्या माणसाचाही सुटला असता. मी तुझ्यावर रागावलेलो नाही, हे तुला कळावं.

भैय्यालालभाऊंनी तुला सगळ्यांसमोर मारलं, तसं त्यांनी करायला नको होतं. बाप आहेत, त्यांना लाज वाटली असेल. मी अडवायला निघालो होतो, पण गर्दी फार होती.

वार्षिक परीक्षा ८ एप्रिलला, सोमवारी सुरू होत आहे. तुझं नाव अजून हजेरीपटावर आहे. मुख्याध्यापक परसराम सरांनी तुझं दप्तर स्वतःच्या कपाटात ठेवलं आहे. परीक्षेला आला नाहीस तर वर्ष जाईल. एक वर्ष गेलं की दुसरंही जातं, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

भिंती चढण्या-उड्या मारण्याचं आपलं पार्कोर बंद आहे. मी आता खेळाच्या तासाला खो-खो घेतो.

तुझा हितचिंतक,
धनेंद्र सर

मुर्री
१० मार्च २०१३

प्रिय संजू,

पहिल्या पत्राचं उत्तर नाही. कदाचित मिळालं नसेल. मिळालं असेल आणि तू फाडलं असशील, तरी हरकत नाही.

आज सकाळपासून मला ऑगस्टमधला पहिला दिवस आठवत आहे. त्या अर्धवट वर्गखोलीच्या भिंतीवर मी चढून दाखवलं, तेव्हा दुलीचंदभाऊ बैलजोडी घेऊन फाटकात थांबले होते. म्हणाले, "काऊन जी मास्तर, पोट्ट्यायले बंदर बनवून राहिले का?" तू मागून ओरडलास, "काका, बंदर तं आमी आधीच होतो. सर माणसं बनवून राहिले!" बैलांसकट सगळे हसले असं मला वाटलं. त्या दिवशी घरी जाताना मी सायकलवर एकटाच हसत होतो.

मी हा खेळ कुठे शिकलो, ते तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. गोंदियाच्या सायबर कॅफेत व्हिडिओ बघून आणि मुर्रीच्या बंद मिलच्या भिंतींवर पडून पडून. मला कोणी शिकवणारा नव्हता. एकट्याने पडलो की एकट्यानेच उठायचं. म्हणून तुमच्यासाठी मी साखळी बसवली. एक जण खाली पायरी होऊन हातांची ओंजळ करणार, एक जण वर बसून हात देणार. तिसरा वर चढणार आणि पलीकडे तणसाने, म्हणजे भाताच्या पेंढ्याने, भरलेल्या खड्ड्यात उडी घेणार. उडीआधी तो बाहेर झुकला की वरच्याने मनगट धरून ठेवायचं आणि "सोड" म्हटल्यावरच सोडायचं. तू वरचा, रुचि पायरी, हिमांशु तिसरा. सहा महिन्यांत तुम्ही एकदाही चुकला नव्हता.

रुचि माझ्याशी बोलत नाही. परवा खो-खोच्या वेळी मी पळायला सांगितलं, तर म्हणाली, "सर, आज पहिले तुमी पळता का?" मुली हसल्या.

तुझे वडील फाटकात भेटले होते. बारीक झाले आहेत. म्हणाले, "सर, तवा मी दोन भारे आणू का म्हणलो होतो ना जी?"

मी म्हणालो, "त्याचा काही संबंध नाही, भाऊ."

"तसं नाही जी. असंच आठवून राहिलं."

ते साधे माणूस आहेत, त्यांना खेळातलं काही कळत नाही. मी त्यांना परीक्षेची तारीख सांगितली. "पोरगा येतच नाही म्हणते," म्हणाले आणि बैलबंडीवर जाऊन बसले.

तू ये. बाकी मी बघून घेईन.

तुझा,
धनेंद्र सर

मुर्री
२४ मार्च २०१३

प्रिय संजू,

तुझं पोस्टकार्ड शनिवारी शाळेच्या पत्त्यावर आलं. मी ते खिशात घालून घरी आणलं आणि इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं आहे. तू लिहिलं आहेस:

"सर, मामा म्हणते की मी हात लवकर सोडलो. बाबा बी म्हणते. तुमी बी त्या दिवशी म्हणले. मला वाटत होतं हिमांशु सोड म्हणला आणि मंग मी सोडलो. पण आता मला ते आठवत नाही. मी डोळे मिटतो तं हात आधीच सुटलेला दिसते. रोज तुमी आधी उडी मारत होते. त्या दिवशी मारली नाही. म्हणून मी भेलो असेन आणि सोडला असेन. तुमी वर बघत होते. खरं सांगा. मी सोडलो का? तुमी सांगाल ते मी मानीन. परीक्षेला येत नाही. माझ्या हातात कोणी हात देणार नाही."

संजू, या प्रश्नाचं उत्तर मला लगेच द्यायला हवं होतं. एक दिवस गेला.

त्या दिवशी खड्ड्यात तणस कमी होतं. हे तुला माहीत असावं. पंचवीस तारखेला गावात नाटक होतं आणि नाटक मंडळाच्या लोकांनी प्रेक्षकांना बसायला तणस मागितलं. गावात तशी रीतच आहे. शेतातून आणण्यापेक्षा शाळेतलं जवळ पडतं म्हणून त्यांनी आपला खड्डा उपसला. सव्वीसच्या सकाळी परत आणून टाकलं, ते निम्मंच होतं. रात्रभर शेकडो माणसं त्यावर बसलेली, दव पडलेलं. पापड झाला होता त्याचा. त्यात शेंगांची टरफलं आणि विड्यांची थोटकं होती. मंडळाने ते नीट परत करायला हवं होतं.

म्हणजे हिमांशुचा पाय मोडला, त्याला तणससुद्धा कारण असू शकतं. सगळा दोष तुझ्या हाताचा नाही. एवढं तू नक्की समज.

तुझा,
धनेंद्र सर

मुर्री
२५ मार्च २०१३

संजू,

काल टाकलेलं पत्र आणि हे पत्र बहुतेक एकाच दिवशी मिळतील. कालचं आधी वाचलंस तर ते खरं मानू नकोस. त्यात लिहिलेलं सगळं घडलं आहे, पण ते अशा रीतीने लिहिलं आहे की मी कुठेच दिसत नाही. मंडळ दिसतं, दव दिसतं, तणस दिसतं. मी आज शाळेत गेलो नाही. पोट दुखतं असा निरोप पाठवला. तेही खोटं आहे.

मंडळाने तणस मागितलं ते माझ्याकडे. आणि मी "हो" म्हणालो. का म्हणालो, तर अध्यक्ष म्हणाले होते, "सर, तुमचं नाव माईकवरून घेऊ." संजू, मी बारावीत दोनदा नापास झालो आहे. गोंदियात ज्या दुकानात मी काम करत होतो, तिथे मला "अबे लडके" म्हणत. परसराम सरांनी आठवड्यातले तीन तास दिले, तेव्हा शाळेत खेळाचा शिक्षक नव्हता म्हणून दिले. मी शिक्षक नाही. तुम्ही पोरांनी पहिल्या दिवशी "सर" म्हटलं आणि मला ते इतकं आवडलं, की मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

सव्वीस जानेवारीच्या बॅनरवर "क्रिडा शिक्षक धनेंद्र सर" असं छापून आलं होतं. मी गोंदियाला परत जाऊन "क्रिडा"चं "क्रीडा" करून आणलं. "शिक्षक" तसंच राहू दिलं.

नाटकाच्या सुरुवातीला माझं नाव माईकवरून घेतलं. मला पुढच्या ओळीत खुर्ची होती. माझ्या मागे तुम्ही सगळे आपल्याच तणसावर बसला होता.

सकाळी साडेसातला मी खड्ड्याजवळ गेलो. सकाळी सरावाआधी पाय घालून बघायचा आणि मांडीपर्यंत रुतला पाहिजे, हा माझा नियम तुला माहीत आहे. त्या सकाळी पाय घोट्यापर्यंत गेला आणि खाली जमीन लागली. म्हणजे मला माहीत होतं. "कमी असेल" असं वाटलं नव्हतं, पक्कं माहीत होतं.

तेवढ्यात तुझे वडील फाटकातून आत आले. खड्ड्याकडे बघून म्हणाले, "सर, तणस कमी दिसून राहिलं जी. खळ्यात सुकं पडलं आहे. दोन भारे आणू का? एक तुमी घ्या, एक मी घेतो, दोघं मिळून लवकर होते."

मी नवीन ट्रॅकसूट घातला होता. पांढरा, बाजूने निळी पट्टी. फाटकात कमान लागली होती, पाहुण्यांची जीप येणार होती, बाया रांगोळी काढत होत्या. डोक्यावर तणसाचा भारा घेऊन, अंगाला कुसं लागलेली, अशा अवस्थेत मी त्या कमानीखालून येताना मला स्वतःला दिसलो. आणि मी म्हणालो, "राहू द्या भाऊ. पुरेसं आहे."

"पक्कं ना जी?"

"पक्कं."

ते गेल्यावर मी होतं तेवढं तणस काठीने वर वर पसरलं, म्हणजे खड्डा भरलेला दिसावा. कडेने चुन्याची रेघ मारली. रेघ फार सरळ आली होती, हे मला आठवतं.

रोज मी पहिली उडी मारत होतो, त्या दिवशी मारली नाही, हे तू बरोबर लिहिलंस. कारणही आता लिहितो. मी मारली असती तर माझा पाय मोडला असता. हे मला माहीत होतं. मी हिमांशुला जाऊ दिलं. मनात म्हणालो, तो हलका आहे, त्याला काही होणार नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी खालून बघत होतो. हिमांशु बाहेर झुकला. तू त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतंस. तो "सोड" म्हणाला. मी ऐकलं. मग तू सोडलंस. त्याची उडी सरळ होती, दोन्ही पाय बरोबर पडले. तुझ्याकडून काहीही चुकलं नाही. तुला डोळे मिटल्यावर जे दिसतं, ते तुझं नाही. ते माझं वाक्य आहे.

परसराम सर धावत आले. "काय झालं? धनेंद्र, काय झालं?" सगळे माझ्याकडे बघत होते. हिमांशु ओरडत होता. तू अजून भिंतीवरच होतास, हात तसाच पुढे केलेला. मी म्हणालो, "संजूनं हात लवकर सोडला, सर."

भैय्यालालभाऊ तुझ्याकडे गेले तेव्हा गर्दी नव्हती. मी दहा पावलांवर उभा होतो आणि जागचा हललो नाही. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं.

मी हे आधी का सांगितलं नाही, याला काही कारण नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणत दोन महिने गेले. दर रविवारी हिमांशुच्या घरचा चहा प्यायलो.

तू लिहिलंस, तुमी सांगाल ते मी मानीन. तर हे मान. पण फक्त तुला सांगून भागणार नाही, हे मला कळतं. तू लांजीत वाचशील आणि इथे गाव तेच बोलत राहील. होळी झाली की मी सगळ्यांसमोर सांगतो. हे वाक्य मी तीनदा खोडलं होतं.

धनेंद्र

मुर्री
६ एप्रिल २०१३, शनिवार

संजू,

होळी होऊन दहा दिवस झाले. त्यातले आठ मी पुन्हा वाया घालवले. काल परसराम सरांकडे गेलो. ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "उद्या सकाळची शाळा आहे. दुलीचंदला आणि भैय्यालालला बोलावतो. जे मला सांगितलं ते सगळ्यांसमोर सांग. कागदावर लिहून आणू नकोस, वाचून दाखवशील आणि सुटशील." त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं. कागद खिशात तयार होता.

आज प्रार्थनेनंतर मुलांना वर्गात सोडलं नाही. मी ओट्यावर उभा राहिलो. जे तुला लिहिलं ते बोललो. नीट बोलता आलं नाही. ट्रॅकसूटचं सांगताना मागची मुलं हसली. पाय घोट्यापर्यंत गेला होता हे सांगितलं, तेव्हा दुलीचंदभाऊ उठले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी हिमांशुकडे बघून विचारलं, "खरं का बे?"

हिमांशु काठी टेकून उभा होता. म्हणाला, "तणसाचं मले माहीत नाही. पण मी सोड म्हणलो होतो. मंगच सोडला त्यानं."

"मंग मले काऊन नाही सांगतला?"

"सांगतलो होतो ना बाबा. दवाखान्यातच सांगतलो. तुमीच म्हणले, सर खोटं कायले बोलतील?"

मी आजवर ज्या शब्दासाठी एवढं केलं, त्या शब्दाने हिमांशुलाही गप्प बसवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. रुचि उठून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मी बी ऐकलो होतो. मले तं कोणी विचारलाच नाही."

दुलीचंदभाऊ जाताना एवढंच म्हणाले, "उद्यापासून घरी येऊ नका." हिमांशु आता जरा लंगडतो. डॉक्टर म्हणतात, चालणं सुधारेल. धावण्याबद्दल ते काही बोलले नाहीत. हे माझ्या माफी मागण्याने भरून येणार नाही, म्हणून मी त्यांच्यापुढे जास्त बोललो नाही. परसराम सरांनी तास काढून घेतले. सोमवारपासून मी शाळेत नसेन.

तुझे वडील शेवटपर्यंत खाली बसून होते. सगळे गेल्यावर मी जवळ गेलो. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "तुमचं तं सांगून झालं जी. मी पोराले मारलो. पूर्ण गावासमोर मारलो. ते कसं परत घेऊ?"

मग म्हणाले, "तुमी लिवता चांगलं. माझ्या नावानं दोन शब्द लिवून द्या ना. त्याच्यासमोर माझ्याच्यानं बोलणं होत नाही."

मी म्हणालो, "नाही भाऊ. हे तुम्हालाच बोलावं लागेल. मी लिहिलं की मी त्यात काहीतरी लपवतो."

म्हणून ते स्वतः येत आहेत. हे पत्र पोस्टाने पाठवत नाही, त्यांच्याच हाती देत आहे. उद्या सकाळच्या गाडीने ते लांजीला पोचतील. ते काही न बोलता बसून राहिले तर तू थोडा वेळ थांब. सोबत परसराम सरांचा सही-शिक्क्याचा कागद आहे, मामांना दाखव. सोमवारी पहिला पेपर मराठीचा आहे, सकाळी साडेदहाला. दप्तर तुझ्या बाकावर ठेवलं आहे. हिमांशुने त्याच्या शेजारची जागा धरून ठेवली आहे. रुचि म्हणाली, "त्याले सांगा, लवकर ये म्हणा, पायरी व्हायचं बंद झालं तं हात दुखून राहिले." तिने सहा महिन्यांच्या सरावात हात दुखल्याचं कधी सांगितलं नव्हतं.

परीक्षेनंतर तुम्ही खेळायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण खड्डा तसाच ठेवणं मला बरं वाटेना. म्हणून मधल्या सुट्टीत मी तुझ्या वडिलांबरोबर खळ्यात गेलो. एक भारा त्यांनी डोक्यावर घेतला, एक मी. फाटकातून आत आलो तेव्हा सगळी शाळा मैदानात होती. कोणीतरी शिट्टी मारली. कुसं मानेत गेली. जुनं तणस काढलं, नवं फुलवून टाकलं. मग मी भिंतीवर चढलो आणि उडी मारली.

मांडीपर्यंत रुतलो. दोन भारे पुरले. वीस मिनिटंही लागली नाहीत.

धनेंद्र रामलाल रहांगडाले